८६५ मेगाहर्ट्झवर कुणी बोलतंय का, हे झटकन कसं ओळखायचं

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना आहे. पाण्याचे मीटर, शेतातले सेन्सर, आरएफआयडी रीडर (रेडिओने टॅग वाचणारं यंत्र), सगळे तिथेच. आपलं लोरा पॅकेट (लोरा म्हणजे कमी विजेत छोटे संदेश दूरवर धाडणारी रेडिओ पद्धत) सोडण्याआधी चॅनल मोकळं आहे का, हे काही मिलिसेकंदांत कळलं पाहिजे. लोराच्या चिपला ते थोडंफार जमतं, पण ती फक्त लोराच ओळखते. शेजारचा आरएफआयडी रीडर तिच्या गावीही नसतो. म्हणून मी आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, लावून नुसती ऊर्जा मोजतो.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, हाताने ठरवा. ऑटोवर ठेवलात तर डोंगल स्वतःच पातळी हलवतो आणि पुढचं सगळं गणित फुकट जातं. मला ८६५.४०२५ चं चॅनल बघायचं असतं, पण ट्यून करतो ८६५.२ ला, कारण या डोंगलला बरोबर मध्यभागी एक खोटा सुळका दिसतो. सेकंदाला १० लाख सँपल (लहरीची मोजमापं) घ्या, सॉफ्टवेअरमध्ये चॅनल मध्यावर सरकवा, फिल्टर लावून आठातला एक ठेवा. १०० सँपलची एक खिडकी करा; ती ०.८ मिलिसेकंदाची होते. तिची सरासरी पॉवर काढा.

निव्वळ नॉइज (सिग्नल नसतानाही येणारी खरखर) असेल तर ही पॉवर सरासरीच्या साधारण १० टक्के वरखाली होते. हा झाला सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन, पण तो पुस्तकातून घेऊ नका, मोजून घ्या. इथे बहुतेक जण सरासरीच्या तीन सिग्मा वर रेघ मारून, ती ओलांडली की इशारा, असं ठरवून मोकळे होतात. सेकंदाला १२५० खिडक्या म्हटल्यावर त्या रेघेवर दर सेकंदाला तीनेक खोटे इशारे येतात. रेघ वर नेली की क्षीण सिग्नल हातचे जातात.

त्यापेक्षा पुरावा साठवा. ई. एस. पेज या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५४ साली मालाच्या सततच्या तपासणीसाठी मांडलेली क्यूसम, म्हणजे चालू बेरजेची, पद्धत इथे चपखल बसते. खिडकीची पॉवर सरासरीपेक्षा किती सिग्मा वर आहे ते काढा, त्यातून ०.५ वजा करा, उरेल ते चालू बेरजेत मिळवा. बेरीज शून्याखाली गेली की शून्य. १५ ओलांडले की इशारा.

नॉइजच्या दहाव्या हिश्श्याएवढा सिग्नलही यात ३० खिडक्यांत, म्हणजे २४ मिलिसेकंदांत सापडतो. लोराच्या एसएफ ७ या वेगवान सेटिंगला वाचता येण्यासाठीच उणे ७.५ डेसिबल, म्हणजे नॉइजच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा सिग्नल लागतो. तेवढ्याला दहाएक मिलिसेकंद पुरतात. छोटं पॅकेटसुद्धा ५० मिलिसेकंदांच्या आसपास चालतं, तेव्हा वेळ हाताशी असतो. जोरदार सिग्नल दोन-तीन खिडक्यांतच पकडला जातो.

खरी डोकेदुखी नॉइजची. डोंगल तापतो तशी पातळी सरकते आणि क्यूसम ते सरकणंही इमानेइतबारे साठवतो. म्हणून सरासरीऐवजी गेल्या काही सेकंदांचं मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा, आणि बेरीज ५ च्या वर असताना ते गोठवा. नाहीतर लांबलेला सिग्नलच नॉइज म्हणून मुरतो. डोंगल आधी अर्धा तास चालू ठेवा.

त्यातून ८६९ मेगाहर्ट्झपासून मोबाइल टॉवरचा पट्टा सुरू होतो. टॉवर समोरच असेल तर त्याच्या जोराने डोंगल गुदमरतो, आणि टॉवरवरची वर्दळ वाढली की आपला नॉइजही वाढतो. अशा वेळी आकडे घोळत बसण्यापेक्षा अँटेनामागे ८६६ चा सॉ फिल्टर, म्हणजे तेवढाच पट्टा आत सोडणारा, लावा. शेवटी अँटेना काढून ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोधक) जोडा आणि रात्रभर इशारे मोजा. तासाला एकापेक्षा जास्त आले, तर १५ चे १७ करा.