नोकरी सांभाळून आरबीआय ग्रेड बी आणि सेबी ग्रेड ए ची तयारी कशी करावी

रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी, म्हणजे अधिकारी भरतीच्या, परीक्षेचा पहिला टप्पा २०० गुणांचा असतो आणि अंतिम यादीत त्यातला एकही गुण धरला जात नाही. यादी लागते ती दुसऱ्या टप्प्याचे ३०० आणि मुलाखतीचे ७५ गुण मिळून. त्या ३०० मधले २०० गुण संगणकावर टाइप करून लिहायच्या उत्तरांना असतात. आर्थिक व सामाजिक प्रश्नांच्या पेपरात ५०, वित्त व व्यवस्थापनाच्या पेपरात ५० आणि इंग्रजीचा संपूर्ण पेपर १०० गुणांचा.

नोकरी करणाऱ्याने सगळी आखणी या हिशेबावरून करावी असे माझे ठाम मत आहे. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. वर्षभर गणित, बुद्धिमत्ता आणि चालू घडामोडी होतात. उत्तरे लिहिण्याचा सराव पहिल्या टप्प्याचा पेपर झाल्यावर सुरू होतो. २०२३ मध्ये दोन टप्प्यांमध्ये जेमतेम तीन आठवडे होते, २०२४ मध्ये साधारण सहा. घरी बसून अभ्यास करणारा तेवढ्या दिवसांत रात्रीचा दिवस करून वेळ भरून काढतो. ज्याला रोज ऑफिस गाठायचे आहे त्याला ते जमत नाही. म्हणून त्याने लिहिणे आधी सुरू करायचे.

आधी एकच परीक्षा ठरवा

ग्रेड बी साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. वय २१ ते ३०. खुल्या प्रवर्गासाठी प्रयत्नांची मर्यादा सहा आहे. त्यामुळे ‘बघू तरी कसा पेपर असतो’ म्हणून एक प्रयत्न खर्च करू नका. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून तेच कळते.

सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. तिच्या ग्रेड ए च्या सामान्य शाखेला साधी पदवी पुरत नाही. पदव्युत्तर पदवी, कायद्याची किंवा अभियांत्रिकीची पदवी, नाहीतर सीए, सीएस, सीएफए, कॉस्ट अकाउंटंट यांपैकी काहीतरी लागते. वित्त, व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र हे विषय दोन्हीकडे आहेत. सेबीला वर लेखाशास्त्र, कॉस्टिंग आणि कंपनी कायदा येतो. वाणिज्य शाखेचा माणूस या दोन परीक्षा एकाच तयारीत देऊ शकतो. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेच्या परीक्षेला शेती आणि ग्रामीण विकास हा मोठा वेगळा विषय आहे. त्याची ओढ किंवा पार्श्वभूमी असेल तरच तिकडे वळा.

महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जायचे असेल तर वाट राज्यसेवेची. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० गुणांची, आणि ती मराठीत लिहिता येते. तिथे इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था असा प्रचंड विस्तार आहे. नोकरी करत राज्यसेवा आणि ग्रेड बी दोन्ही एकाच वर्षी धरली तर दोन्ही अर्धवट राहतात. एक निवडा, दुसरी त्या वर्षापुरती मनातून काढून टाका.

तास मोजा, पण ताजे आणि थकलेले वेगळे मोजा

कामाच्या दिवशी दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून बारा तास धरले तर आठवड्याला बावीस होतात. चाळीस आठवड्यांत ८८०. त्यातला पाचवा हिस्सा आजारपण, लग्नकार्ये, सण आणि मार्चअखेरच्या कामात जाणार हे आधीच मान्य करा. हातात साधारण ७०० तास राहतात. ग्रेड बी साठी ते कमी नाहीत. पण ते सगळे एका प्रतीचे नसतात, आणि खरी अडचण इथेच आहे.

सकाळी ऑफिसच्या आधीचा एक तास आणि संध्याकाळी परतल्यानंतरचा एक तास घड्याळात सारखे दिसतात. सकाळच्या तासात बाँडचे (कर्जरोख्याचे) गणित कळते. संध्याकाळी तेच पान तीनदा वाचूनही हाती काही लागत नाही, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. दोष त्याचा नसतो, विषय चुकीच्या वेळी घेतलेला असतो. म्हणून वेळापत्रक करताना विषयांची यादी काढायच्या आधी आपला ताजा तास कोणता ते शोधा. बहुतेकांचा तो पहाटेचा असतो. रात्रपाळी करणाऱ्याचा तो झोपून उठल्यावरचा असेल. त्या तासात फक्त दोन गोष्टी ठेवायच्या: वित्त आणि लेखन. व्यवस्थापनाचे सिद्धांत, योजनांची उजळणी, प्रवासात ऐकायच्या गोष्टी, बुद्धिमत्तेचे दहा-पंधरा प्रश्न हे सगळे थकलेल्या तासांचे काम.

झोप कापून तास वाढवू नका. पहाटे पाचला उठायचे तर रात्री दहा-साडेदहाला झोपावेच लागेल, नाहीतर आठवड्याभरात तो ताजा तासही थकलेला होतो.

विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत

सुरुवात वित्तापासून करा. त्यातही पैशाचे कालमूल्य आधी, मग बाँडची किंमत आणि यील्ड (परतावा), मग ड्युरेशन (व्याजदर हलले की बाँडची किंमत किती हलते त्याचे माप), मग ताळेबंदातली गुणोत्तरे, शेवटी डेरिव्हेटिव्हज (फ्युचर्स, ऑप्शन्ससारखे करार). व्याख्या पाठ करत बसू नका, आकडे घालून बघा. शंभर रुपये दर्शनी मूल्याचा, सात टक्के व्याजाचा, एक वर्ष उरलेला बाँड आहे. वर्षअखेरीस १०७ रुपये मिळणार. बाजारातला परतावा आठ टक्के झाला तर आजची किंमत १०७ भागिले १.०८, म्हणजे सुमारे ९९ रुपये ७ पैसे. व्याजदर वाढले की किंमत का उतरते हे एवढ्या एका भागाकारात समजते. पुढे बँकांच्या ट्रेझरी तोट्यावर, म्हणजे बाँडमधल्या गुंतवणुकीतल्या तोट्यावर, प्रश्न आला तर हाच भागाकार तुमच्या उत्तराला आधार देतो.

दुसऱ्या महिन्यापासून अर्थशास्त्र जोडीला घ्या आणि एकेक संकल्पना सगळ्या पेपरांत कशी फिरते ते पाहत चला. रिझर्व्ह बँकेचे चलनवाढीचे लक्ष्य घ्या. चार टक्के, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. सलग तीन तिमाही सरासरी चलनवाढ या पट्ट्याबाहेर गेली की बँकेला सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात, आणि २०२२ मध्ये ती वेळ आली होती. या चार वाक्यांवर सामान्य ज्ञानाचा प्रश्न येऊ शकतो, अर्थशास्त्राचे उत्तर लिहिता येते, वित्ताच्या पेपरात पतधोरणाच्या साधनांशी ते जोडता येते आणि मुलाखतीत त्यावर मत विचारले जाऊ शकते. वेळ कमी असलेल्याने असेच विषय आधी पक्के करावेत. जे फक्त एका पेपरात एका गुणाला येते ते शेवटी.

व्यवस्थापनात मास्लो, हर्झबर्ग, व्रूम यांचे प्रेरणेचे सिद्धांत, नेतृत्वाच्या शैली, संवादातले अडथळे हे सोपे वाटते आणि म्हणून मागे पडते. तुम्ही रोज ज्या ऑफिसात बसता तिथे प्रेरणा, संघर्ष, बदलाला होणारा विरोध हे सगळे डोळ्यांसमोर घडते. प्रत्येक सिद्धांतासमोर आपल्या कामातले एक उदाहरण, कोणाचे नाव न घालता, लिहून ठेवा. पुस्तकी उत्तरांच्या ढिगात अशी उत्तरे वेगळी दिसतात.

लिहायला पहिल्या महिन्यातच बसा

अर्थशास्त्र आणि वित्त या दोन्ही पेपरांत लेखी भागाला नव्वद मिनिटे असतात. सहा प्रश्नांपैकी चार सोडवायचे. दोन पंधरा गुणांचे, दोन दहा गुणांचे. पंधरा गुणांचे उत्तर सहाशे शब्दांपर्यंत आणि दहाचे चारशेपर्यंत धरले तर एकूण दोन हजार शब्द होतात. विचार करायला आणि प्रश्न निवडायला वीस मिनिटे गेली तर उरलेल्या सत्तर मिनिटांत मिनिटाला जवळजवळ एकोणतीस शब्द, न थांबता. हा वेग बोटांत असेल तरच डोके उत्तरावर राहते. तो शेवटच्या आठवड्यात येत नाही.

एक गोष्ट मराठी माध्यमातल्यांनी आधीच ठरवावी. अर्थशास्त्र आणि वित्ताची उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. हिंदी निवडायची तर इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन कळफलकावर टाइप करावे लागते. मोबाईलवर आपण ‘नमस्कार’ जसे रोमन अक्षरांतून उमटवतो तसे तिथे चालत नाही. इंग्रजी कच्चे आहे या भीतीने हिंदीकडे जाणाऱ्यांनी हा कळफलक किमान तीन-चार महिने आधी शिकायला घ्यावा. मला विचाराल तर साधे, लहान वाक्यांचे इंग्रजी पुरेसे आहे. परीक्षक अलंकार मोजत नाही, आणि इंग्रजीच्या शंभर गुणांच्या पेपरासाठी तो सराव करावाच लागणार आहे.

सराव असा वाढवा. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन उत्तरे, पुस्तक उघडे ठेवून, दोनशे शब्दांची, घड्याळाशिवाय. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुस्तक बंद, चारशे शब्द, वीस मिनिटे. चौथ्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी नव्वद मिनिटांची पूर्ण बैठक, सहातले चार प्रश्न. शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद ठेवा, आणि जमेल तेव्हा मोठ्या डेस्कटॉप कळफलकावर बसा.

लिहिलेले उत्तर त्याच दिवशी तपासू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, थकलेल्या तासात, ते परक्याचे समजून वाचा. प्रश्नात ‘परीक्षण करा’ म्हटले होते का ‘वर्णन करा’, आणि मी नेमके तेच केले का? पहिल्या दोन ओळींत उत्तर आले की प्रस्तावनाच चालू राहिली? आकडा, वर्ष, कायदा किंवा संस्था यांपैकी ठोस असे काय आहे? वित्तीय शिस्तीवर लिहिताना सरकारी तुटीला लगाम घालणारा २००३ चा एफआरबीएम कायदा आला नाही, किंवा बुडीत कर्जांवर लिहिताना २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली नाही, तर ते उत्तर कोणीही लिहू शकले असते. जमल्यास एखादा अभ्यासू मित्र गाठा आणि उत्तरांची अदलाबदल करा. दुसऱ्याची चूक पटकन दिसते, आणि मग आपल्यातही ती सापडते.

इंग्रजीच्या पेपरातले सारांशलेखन हा नोकरदाराचा हक्काचा विषय आहे. रोज लांबलचक ईमेल आणि अहवाल वाचून वरिष्ठांना चार ओळींत सांगणे हे तुम्ही करतच असता. तीच सवय वर्तमानपत्राच्या संपादकीयावर वापरा: एक तृतीयांश शब्दांत, स्वतःच्या भाषेत, लेखकाचे मत न बदलता.

चालू घडामोडींना किती वेळ

पहिल्या टप्प्यात सामान्य ज्ञानाला २०० पैकी ८० गुण असल्याने सगळे इथे वाहून जातात. रोज दोन-दोन तास व्हिडिओ पाहण्याची गरज नाही. दर दोन महिन्यांनी येणारे पतधोरणाचे निवेदन, आर्थिक पाहणी अहवाल, अर्थसंकल्पाचे भाषण, मे महिन्याच्या अखेरीस येणारा रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल, जून आणि डिसेंबरचा वित्तीय स्थैर्य अहवाल, आणि पीआयबी या सरकारी प्रसिद्धी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या योजनांच्या घोषणा हा गाभा. अहवाल पूर्ण वाचायचे नसतात. सुरुवातीचा आढावा आणि आपल्या अभ्यासक्रमातली प्रकरणे पुरतात.

एका योजनेला एक छोटी नोंद: कोणते मंत्रालय, कधी सुरू, कोणासाठी, किती मदत, आतापर्यंत काय झाले. नोंदी एकाच जागी ठेवा. चार ठिकाणच्या नोंदींची उजळणी कधीच होत नाही. बाकी मासिक संकलन एकच घ्या आणि तेच पुन्हा पुन्हा वाचा.

पहिला टप्पा

बुद्धिमत्ता ६०, इंग्रजी ३०, गणित ३०, प्रत्येकाला वेगळी वेळ आणि वेगळा कटऑफ. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. इथे पहिला यायचे नाही, पार व्हायचे आहे. कच्च्या विभागात कटऑफच्या थोडे वर राहता आले की पुरे. दर पंधरा दिवसांनी एक मॉक टेस्ट, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक. टेस्ट देण्याइतकाच वेळ ती उलगडून बघायला द्या.

ऑफिस, सुट्ट्या आणि घर

जाहिरातीचा महिना पक्का नसतो. २०२३ ला मे, २०२४ ला जुलै, २०२५ ला सप्टेंबर. म्हणून हक्काची रजा आधीच उडवू नका. ती दोन टप्प्यांच्या मधल्या काळासाठी राखा. तेव्हा मिळालेले आठ-दहा सलग दिवस आधीच्या महिनाभराच्या रजेपेक्षा जास्त मोलाचे ठरतात. सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकरीत असाल तर अर्जाची माहिती कार्यालयाला देणे आणि मुलाखतीच्या वेळी ना हरकत प्रमाणपत्र लागणे यांचा नियम जाहिरातीत वाचा आणि अर्ज करतानाच त्या मागे लागा. फाइल हलायला वेळ लागतो.

खासगी नोकरीत सगळ्यांना सांगत सुटू नका, पण रजा मंजूर करणाऱ्या एका माणसाला विश्वासात घेतलेले बरे. नोकरी सोडावी का? दुसऱ्या टप्प्याचा निकाल हातात येईपर्यंत तरी नाही. पगार थांबला की घरातले दडपण अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसते.

घरात ठरवून बोला. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ऑफिस संपल्यावर दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते, आणि ती कोणी वाटून घेतली नाही तर वरचे कोणतेही वेळापत्रक कागदावरच राहते. ‘मला अभ्यासाला वेळ द्या’ असे मोघम मागू नका. ‘परीक्षा होईपर्यंत सकाळचा डबा आणि रविवारची सकाळ माझ्याकडे नसेल’ असे नेमके मागा.

जाहिरात आल्यानंतर

पहिल्या आठवड्यात अर्ज भरा, जातीचे किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू मुदतीचे आहे का ते तपासा. नवीन पुस्तक घेणे इथून बंद. पहिला टप्पा झाला की उत्तरतालिका, अपेक्षित कटऑफ यांत न अडकता दुसऱ्या दिवशी लेखनाला बसा. निकालाची वाट पाहण्यातच सर्वात जास्त तास वाया जातात.

मुलाखतीला तुमची नोकरी हाच सगळ्यात मोठा विषय असेल. कंपनीचा व्यवसाय, तिचा ताळेबंद, तुमच्या विभागाचे काम, त्या क्षेत्रावर कोणाचे नियमन आहे, आणि ते सोडून रिझर्व्ह बँकेत का यायचे आहे, याची उत्तरे तुमच्या रोजच्या कामात आहेत. दर महिन्याला अर्धे पान लिहून ठेवले तर मुलाखतीच्या आठवड्यात ती पाने वाचायला पुरतात.