कामावर जखम झाल्यानंतर: केसपेपरपासून फिटनेस दाखल्यापर्यंत

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात प्रेसखाली बोट सापडते, तेव्हा पहिला तास दवाखाना गाठण्यात जातो आणि तो तसाच जायला हवा. मात्र रुग्ण टेबलावर असताना सोबत आलेला सुपरवायझर केसपेपरवर काय लिहून घेतो, याकडे घरच्यांनी किंवा सहकाऱ्याने तेव्हाच लक्ष ठेवावे. ‘घरी दारात बोट चेमटले’ किंवा ‘गाडीवरून पडला’ अशी नोंद झाली, तर पुढचा सगळा दावा तिथेच लंगडा पडतो; कारण अपघात कामामुळे आणि काम चालू असतानाच घडला, हे दाखवणे हाच नुकसानभरपाईच्या कायद्याचा पाया आहे. म्हणून ‘अमुक कंपनीत, पॉवर प्रेसवर काम करताना, अमुक वाजता’ असेच लिहायला लावावे, पोलिसांना कळवली जाणारी एमएलसी नोंद झाली का ते विचारावे आणि केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मशीनचा, तिच्या गार्डचा (संरक्षक आवरणाचा) आणि त्या दिवशीच्या हजेरीचा फोटो मिळाला, तर तोही जपावा. कंपनीला अपघाताची लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

त्यानंतर कोणत्या दाराने जायचे, हे पगारपत्रकावरून ठरते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असून पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असेल, तर नुकसानभरपाई मालकाकडून नव्हे, ईएसआय महामंडळाकडून मिळते आणि त्याच जखमेसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. कामावरच्या जखमेला किमान वर्गणीची अट नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला, तरी हक्क लागू होतो. बरे होईपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, तर साध्या आजारपणाच्या रजेत ती ७० टक्केच असते. त्यामुळे अपघाताचे प्रकरण ‘आजारपण’ म्हणून नोंदले गेले, तर दर महिन्याला नुकसान होते. पुणे परिसरात बिबवेवाडी आणि चिंचवड येथे ईएसआयची रुग्णालये आहेत. खासगी दवाखान्यात आधी उपचार झाले असतील, तरी मालकाचा अपघात अहवाल महामंडळाकडे गेला आहे का, याची खात्री आपणच करावी.

ईएसआय नसलेल्यांसाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून त्या कायद्याची चौकट तिच्यात आली आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात आणि अंशतः अपंगत्व असल्यास त्या रकमेतून कमाईची क्षमता जितके टक्के घटली, तितका भाग मिळतो. समजा, ३० वर्षांच्या कामगाराला १८,००० रुपये पगार आहे आणि तर्जनीची दोन पेरे गेली आहेत. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जात आले आहे (दावा करताना याविषयीची ताजी अधिसूचना पाहून घ्यावी). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, आणि दोन पेरांसाठी कायद्याच्या परिशिष्टातले प्रमाण ११ टक्के. हिशेब सुमारे २ लाख ५ हजार ९०० रुपयांवर येतो. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. देय रक्कम महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि समर्थनीय कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. ठेकेदाराकडे नोकरी असली, तरी मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. ‘तीस हजार घे आणि सही कर’ म्हणून पुढे केलेल्या स्टँप पेपरला तर फारसे घाबरू नये. कायद्याने दिलेला भरपाईचा हक्क अशा खासगी कराराने सोडून देता येत नाही.

परिशिष्टातला टक्का हा मात्र किमान आकडा समजावा. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण १०० टक्के गेली, असे न्यायालयाने मान्य केले. शरीराचे अपंगत्व आणि त्या माणसाच्या धंद्यातले अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून डॉक्टरांना आपले काम नेमके सांगावे: प्रेस चालवतो, वेल्डिंग करतो, टेम्पो चालवतो. ‘नोकरी’ एवढेच सांगितले, तर दाखल्यावर तेवढेच उतरते.

अपघात कामावर येता-जाता रस्त्यावर झाला असेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा पर्यायही असतो आणि त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. एकाच जखमेसाठी मालकाकडून आणि न्यायाधिकरणाकडून अशी दोन्हीकडून भरपाई मागता येत नाही. निवड वकिलाशी बोलून करावी.

कामावर परतण्याचा टप्पा सर्वांत नाजूक असतो आणि तिथेच घाई होते. घरखर्च थांबलेला असतो, म्हणून कामगार स्वतःच डॉक्टरांकडे फिटनेस मागतो आणि ‘कामास योग्य’ एवढाच शेरा घेऊन गेटवर जातो. त्या शेऱ्याने एकीकडे ईएसआयची रक्कम बंद होते आणि दुसरीकडे त्याला पुन्हा त्याच प्रेसवर उभे करण्याची कंपनीला मोकळीक मिळते. दाखल्यावर किती किलो उचलता येईल, किती वेळ उभे राहता येईल, कोणत्या हाताची पकड कमी आहे, उंचीवरचे काम किती महिने नको आणि फिजिओथेरपीला कोणते दिवस जावे लागेल, हे लिहून घ्यावे. ज्या दिवसांची विमा रक्कम घेतली, त्या दिवसांच्या मस्टरवर कोणी सांगितले तरी सही करू नये.

सरकारी आस्थापनेत हक्क स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि ते नसेल, तर अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. महापालिकेतल्या किंवा एसटीतल्या चालकाला हे कलम तोंडपाठ असावे. खासगी कारखान्यात इतका ठोस हक्क नाही, हे मान्य करूनच पावले टाकावीत. तिथे कंपनीच्या दिव्यांगांसाठीच्या समान संधी धोरणाची प्रत मागावी, हलक्या कामाची लेखी विनंती दाखल्यासह करावी आणि राजीनामा देऊ नये. ‘कायमचा अयोग्य’ हा शेरा भरपाई वाढवू शकतो, पण नोकरीवर गदा आणू शकतो. आपल्याला नेमके काय हवे, ते शेरा मागण्यापूर्वी ठरवावे.

गेटवर अडवले, तर वाद घालत बसू नये. त्याच दिवशी ‘मी दाखल्यासह कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही’ असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, त्याची प्रत ईमेलने द्यावी आणि मग वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. वकिलाची फी परवडत नाही, म्हणून थांबण्याचे कारण नाही: औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठीचा अर्ज शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. सोबत केसपेपर, पगारपत्रक, दाखला आणि पोस्टाची पावती न्यावी.