आत्महत्या झालेल्या घरी बसायला जाताय? या चुका टाळा

घरातल्या माणसानं आत्महत्या केली की मातीला सगळं गाव येतं आणि तेरावा झाला की त्या घराकडं कुणी फिरकत नाही. आपल्या मराठवाड्यात हे नवं नाही, तरी बसायला गेल्यावर लोक काय बोलतील नेम नाही.

"कामून केलं हो?" हे विचारूच नका. पोलिसांनी विचारलंय, तलाठ्यानं विचारलंय, पाहुण्यांनी विचारलंय आणि त्याची बायको रोज रात्री स्वतःलाच विचारते, त्यात तुमची भर कशाला. कसं केलं ते तर अजिबात नको. आणि "घरात काही कुरबुर होती का" असं हळूच विचारणं म्हणजे सरळ बायकोवर ठपका. कर्ज, नापिकी, दुखणं, दारू, मनाची उदासी, बहुतेक वेळा बरंच काही साचलेलं असतं. त्यापेक्षा गेलेल्याचं नाव घेऊन बोला, तो भजनात पेटी वाजवायचा तर तेच बोला. ती चिडून त्यालाच शिव्या देत असली तरी ऐकून घ्या, तोही दुःखाचाच भाग आहे.

लेकरांना "पप्पा गावाला गेले" सांगू नका. शाळेत कुणीतरी सांगतंच, मग घरच्यांवरचा भरवसा जातो. "पप्पा वारले, त्यांच्या मनाला लई त्रास होता, तुझं काही चुकलं नाही", एवढं घरच्याच माणसानं सांगावं.

"काही लागलं तर सांगा" म्हणून निघू नका, ती सांगणार नाही. शेतकरी कुटुंबाला १ लाखाची सरकारी मदत आहे, ३० हजार हातात नि ७० हजार ठेवीत, पण पात्र-अपात्र जिल्ह्याची समिती ठरवते आणि सातबारा, कर्जाचे कागद, पोस्टमार्टेमचा रिपोर्ट गोळा करता करता तहसीलच्या चकरा होतात, तेव्हा गाडीवर सोबत जा. प्रकरण अपात्र झालं तर पारावर "मग दुसरंच काही असंल" नको राव, निकषात बसलं नाही एवढंच.

"मलाबी जगू वाटंना" असं कुणी म्हणालं तर गप्प करू नका. जीव द्यायचा विचार येतो का, सरळ विचारा, विचारल्यानं तो डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून द्या, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. लगेच धोका वाटला तर ११२ लावा नाहीतर थेट सरकारी दवाखाना.