योगवर्ग घेताना या चुका टाळा: ‘माले काही नही’वर विसंबू नका

धुळ्यात माझी पहाटे साडेपाचची बॅच असते. नव्या माणसाला विचारलं, काही त्रास आहे का, की उत्तर ठरलेलं: “माले काही नही.” दोन आठवड्यांनी सर्वांगासनाच्या, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय सरळ वर करायच्या वेळी कळतं, मावशींना बीपीची गोळी चालू आहे. गोळी चालू म्हणजे त्रास नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. म्हणून त्रास विचारूच नका. गोळी कसली घेता, ऑपरेशन कसलं झालं, डोळ्यांत थेंब घालता का, असं विचारा. थेंब काचबिंदूचे निघाले तर डोकं खाली जाणारी आसनं बंद. हर्निया असेल किंवा बाई गरोदर असेल तर कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत श्वास सोडणं, नाही. आणि हे चारचौघांत नको, बाजूला घेऊन.

आता माझी चूक. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, एका आप्पांची बोटं अंगठ्यापासून चार बोटं लांब राहिली होती. “अजून थोडं, आप्पा,” म्हणत मी मागून पाठ दाबली. त्यांनी श्वास रोखून धरला होता, चेहरा लाल झाला असणार. मागे उभा असल्यामुळे मला दिसलाच नाही. मांडीची मागची शीर दुखावली. बोलले काहीच नाहीत, मास्तरांपुढे कुरकुर कशी करायची! आठ दिवस गायब, मग बाजारात लंगडताना भेटले. तेव्हापासून पाठीला हात लावलाच तर विचारून, तोही दिशा दाखवण्यापुरता. गुडघे वाकवू देतो, बुडाखाली गोधडीची घडी देतो. मांडीच्या मध्यावर ताण चालेल. बुडाच्या हाडापाशी टोचलं, सांध्यात कळ आली, पायाला मुंग्या आल्या, की तिथेच सोडायचं. पतंजलींनी आसनाला ‘स्थिरसुखम्’ म्हटलंय, अंगठा पकडायला सांगितलेलं नाही.

पद्मासनाचंही तसंच. निंदणीला जाणाऱ्या बायका तासन्‌तास उकिडव्या बसतात, त्यांना सहसा जमून जातं. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचा खुबा वळत नाही. तो पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवतो आणि पीळ बसतो गुडघ्याला. त्याला साधी मांडी पुरे. वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं राहताना, दुसरं पाऊल गुडघ्याच्या वर किंवा खाली टेकवायचं, गुडघ्यावर कधीच नाही.

सर्वांगासनात खांद्यांखाली दोन-तीन सतरंज्यांची घडी घाला, डोकं घडीच्या बाहेर जमिनीवर राहू द्या, म्हणजे मानेवरचा भार हलका होतो. पाय वर असताना शेजाऱ्याकडे मान वळवू देऊ नका. आमच्याकडे नेमक्या तेव्हाच गप्पा सुचतात.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, आणि मे महिन्यात तळहात पहाटेच घामेजतात. सूर्यनमस्काराआधी हात पुसायला लावा, पाण्याची बाटली जवळ असू द्या. आदल्या रात्री दहाला तुपात बुडवलेली दाल-बट्टी खाल्लेल्यांना त्या दिवशी पोटावर भार देणारं काही देऊ नका. ते स्वतःहून सांगत नाहीत, ढेकर सांगते.

एवढं करूनही लचक भरलीच, तर घरचे तेल घेऊन चोळायला बसतात. पहिले दोन दिवस चोळणं, शेकणं नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. पाय बधिर झाला किंवा त्यातला जोर गेला तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी मी फोन करतो. “बरं आहे” म्हणाले, की विचारतो, “जिना चढून पाहिलात का?”