नायट्रोजन भरलाय म्हणून हवा बघायचं सोडू नका

टायरच्या दुकानात येणारे कितीतरी जण गाडीतून उतरताच सांगतात, "नायट्रोजन आहे, तो झिरपत नाही, हवा चेक नका करू." असं कुणी म्हणालं की मी आधी हवेचा दाब मोजणारं गेज लावतो, आणि बऱ्याचदा एखादं तरी चाक चार-सहा पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) खाली सापडतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत नायट्रोजन भरून बिघडत काही नाही, पण पैसे मोजावेत इतकं साधतही नाही. नडतो तो त्याच्यावरचा भरवसा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे साधी हवा मिसळायची नाही म्हणून कमी हवेवर गाडी दामटणं. संभाजीनगरचं एक कुटुंब उन्हाळ्यात समृद्धीने नागपूरला लग्नाला निघालं होतं. मागचा डावा टायर बसल्यासारखा दिसतोय, हे निघतानाच लक्षात आलं होतं. पंपावर नायट्रोजनचं मशीन बंद, शेजारी साध्या हवेची नळी चालू. "मिक्स झालं तर आधीचं वाया जाईल" म्हणून तसेच पुढे गेले. पाच माणसं, डिकी भरलेली, वर एप्रिलचं ऊन. जालन्याच्या आसपास टायर फाटला. डाव्या लेनमध्ये होते म्हणून गाडी कडेला घेता आली.

तो टायर मी रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा चुरा पडला, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, सगळीकडून घासल्याचं गोल रिंगण होतं. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, बारीक खिळा होता, हवा हळूहळू जात होती. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतलं रबर सोलत जातं. आत कुठला वायू आहे याचा त्यात काही संबंध नाही. त्या साध्या नळीने पाच मिनिटं हवा भरली असती तर टायर सहज नागपूर गाठून आला असता.

मिसळण्याचा हिशेब एकदा करून बघा. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा केला तरी बाहेरच्या दाबाइतकी हवा आत उरतेच. त्यामुळे शुद्ध नायट्रोजन एकदाच 33 पीएसआयपर्यंत भरला तर आत साधारण 93 टक्के होतो. पुढे 28 वर आलेल्या त्याच टायरमध्ये पाच पीएसआय साधी हवा घातली तर 93 चे 91 होतात. एवढ्यासाठी कुणी जिवाशी खेळतं का? उलट साध्या हवेच्या टायरमध्ये वरून पाच पीएसआय नायट्रोजन भरणारे 78 चे 80 करतात आणि त्याचेच पैसे देतात. वर नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवं टोपण मिळतं. ते टोपण प्लास्टिकचं आहे, आत काय भरलंय हे त्याला ठाऊक नसतं.

दुसरी चूक हायवेवर हमखास दिसते. दोन तास गाडी पळवून पंपावर थांबायचं, गेजवर 38 बघून घाबरायचं आणि 33 होईपर्यंत हवा सोडायची. टायर 30 अंशांनी तापला की 33 चे साधारण 38 होणारच. कोरडी हवा असो की नायट्रोजन, वाढ सारखीच. सोडलेली हवा सकाळी थंड टायरमध्ये कमी भरते आणि 28 वर गाडी पुन्हा रस्त्यावर येते. उन्हाळ्यात "फुटायला नको" म्हणून मुद्दाम दोन-तीन पीएसआय कमी ठेवणारेही हेच संकट ओढवून घेतात. मी हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने बघतो. पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

नायट्रोजन झिरपतो कमी, हे खरं. अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयवर भरून वर्षभर ठेवले. साध्या हवेचे सरासरी 3.5 पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे 2.2 ने. वर्षाला फरक सव्वा पीएसआयच्या आसपास. खिळा लागला तर दोन्ही सारखेच रिकामे होतात.

"विमानात वापरतात" म्हणणाऱ्यांनी कारणही समजून घ्यावं. मार्च 1986 मध्ये मेक्सिकाना या मेक्सिकोच्या विमान कंपनीचं बोइंग 727 पडलं आणि 167 माणसं गेली. अडकलेल्या ब्रेकने तापलेल्या टायरमध्ये साधी हवा होती आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे तो उड्डाणानंतर फुटला होता. तितकं तापणं शहरातल्या गाडीच्या वाट्याला येत नाही.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट मी बघतोच: पंक्चरवाल्याने कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढलंय का. काढलं नसेल तर नळीतून टायरमध्ये ओल जाते. अशा ठिकाणी दहा-वीस रुपये देऊन नायट्रोजन घेतला तर माझी हरकत नाही, आणि फुकट मिळत असेल तर खुशाल घ्या. दर पंधरा दिवसांनी गेज लावायचं ते लावायचंच, आणि त्यात स्टेपनीही धरायची.