मोटर भरायला शिकताय? तार मोजण्याआधी तिच्यावरचा इनॅमलचा लेप काढा

संध्याकाळच्या वर्गात जाऊन मोटर वाइंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरणं, खरंच येतं का, असं मला हल्ली बऱ्याच जणी विचारतात. येतं. नागपूरच्या इतवारीत साड्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरमागे उभी होते. नोकरी गेली तेव्हा वय 38. आज सक्करदऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत कूलरच्या आणि पाण्याच्या मोटरी भरते, आणि मुलाची फी त्यातूनच जाते. पण मधल्या एका मे महिन्यात मी हे सगळं सोडून द्यायला निघाले होते.

माझा वर्ग एका शाळेच्या इमारतीत भरायचा. पोरांची शाळा सुटली की साडेसहा ते साडेआठ. चार महिन्यांची फी 2,800 रुपये, तीही दोन हप्त्यांत. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयला वयाची वरची अट नाही, हे मला माहीत होतं. पण इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड म्हणजे दोन वर्षं रोज दिवसभर. घर चालवणाऱ्या बाईला ते कुठून जमणार? जन शिक्षण संस्थानाचे वर्ग स्वस्त असतात, तिथे 15 ते 45 ही वयोमर्यादा आहे. तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल तर विचार करण्यात वर्ष घालवू नका. प्रमाणपत्र कोणाचं मिळणार, हे फी भरण्याआधी विचारा. मोटर भरायला गिऱ्हाईक कागद मागत नाही, पण उद्या घरांच्या वायरिंगकडे वळायचं ठरलं तर परवाना लागतो आणि तिथे वाटेल तो कागद चालत नाही.

आता मुद्द्याचं. वर्गात सगळं डेटा देऊन शिकवतात. फळ्यावर लिहिलेलं असतं: इतके स्लॉट (तार बसवायच्या खाचा), चार पोल (चुंबकाचे ध्रुव), रनिंगला (मुख्य वाइंडिंगला) अमुक नंबरची तार, इतके टर्न (वेढे). तुम्ही फॉर्म्यावर (साच्यावर) कॉइल काढता, स्लॉटमध्ये इन्शुलेशनचा लेदरॉइड पेपर लावता, भरता, कनेक्शन जोडता, मोटर फिरते आणि वाटतं, आलं आपल्याला. दुकानात जळकी मोटर येते तेव्हा फळा नसतो. डेटा त्या जळलेल्या तांब्यातूनच काढायचा असतो.

मी टर्न नीट मोजले होते. जुनी कॉइल कापण्याआधी कनेक्शनचं चित्रही काढलं होतं. शेजारच्या काकूंच्या कूलरची मोटर होती ती, माझं पहिलं पैशांचं काम. रनिंगच्या कॉइलमध्ये 350 टर्न निघाले. तार मायक्रोमीटरमध्ये धरली, 0.21 च्या जरा वर आली. तारांच्या गेजच्या तक्त्यात (नंबर वाढला की तार बारीक) 35 नंबर म्हणजे 0.213 मिलिमीटर. वहीत लिहिलं 35, आणि तार घेऊन आले.

पण मोटरीतली जुनी तार 36 नंबरची होती. 36 चं उघडं तांबं 0.193 मिलिमीटर असतं. त्यावर इनॅमलचा थर बसला की मायक्रोमीटर 0.02 ते 0.03 जास्त दाखवतो, म्हणजे नेमका एक नंबर जाड. तक्त्यातला आकडा उघड्या तांब्याचा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

एका नंबरने काय होतं, असं वाटेल. 35 ची तार 36 पेक्षा क्षेत्रफळाने साधारण 22 टक्के जास्त जागा खाते. 350 टर्न स्लॉटमध्ये मावेनात. बांबूच्या पट्टीने दाबून पाहिलं, कॉइल वर येत राहिली. मग मी 300 वर थांबले. जाड तार आहे, थोडे कमी टर्न चालतील, असं स्वतःलाच समजावलं. वजनकाट्यावर जुनं आणि नवं तांबं जवळपास सारखं भरलं, त्यामुळे तर खात्रीच पटली. तार जाड आणि टर्न कमी, मग वजन सारखंच येणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

टर्न कमी झाले की त्याच व्होल्टेजला लोखंडात चुंबकत्व जास्त तयार व्हावं लागतं. स्टॅम्पिंग, म्हणजे मोटरीतल्या लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, तेवढं पेलत नाही, मोटर रिकामी फिरतानाही करंट जास्त ओढते आणि तापत जाते. बल्ब जोडून तपासायच्या सिरीज लॅम्पवर हे दिसत नाही. इन्शुलेशन तपासणारा मेगर ओके दाखवतो. मोटर सुरू होते, हवाही छान फेकते. काकूंनी चहा पाजला, मी पैसे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची हाक आली, "अवं पोरी, मोटरीतून वास येऊन राहिला."

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळणार नाही. 2013 साली इथे 47.9 अंश झालं होतं. काकूंच्या घरात अंथरुणाला खिळलेले सासरे होते. मी आमचा कूलर काढून त्यांच्या खिडकीत लावला, पैसे परत केले, आणि त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो. झोप लागलीच नाही. तो वास अजूनही आठवला की पोटात कालवतं.

तर, हे पाठ करा. कॉइलच्या बाहेरच्या भागातली, न ताणलेली तार घ्या, कारण ओढून काढलेली तार लांबते आणि बारीक होते. टोकाला काडीची ज्योत हलकेच दाखवा आणि मऊ कापडाने इनॅमल पुसा. सँडपेपर लावू नका, तांबं घासलं जातं आणि चूक उलट्या बाजूला होते. तीन वेगळ्या तारा, प्रत्येक दोन ठिकाणी मोजा. स्वस्तातल्या व्हर्नियरवर हे काम होत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब आहे, मायक्रोमीटरच हवा. आणि टर्न मावत नसतील तर कमी करू नका. थांबा. तारेचा नंबर चुकला आहे असंच समजा. मोटर भरून झाली की क्लॅम्प मीटरने अँपिअर बघून नेमप्लेटशी ताडा, अर्धा तास चालवा, प्लग काढा आणि मग बॉडीला हात लावून बघा.

वर्गानंतर मी एका दुकानात दोन महिने फुकट काम केलं. तिथले उस्ताद डेटाची वही कुलपात ठेवायचे. बघून बघून शिका म्हणायचे, आणि मोजायची वेळ आली की मला झाडू द्यायचे. काही लोक याला गुरूची परीक्षा म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जो आकडा लपवतो त्याच्याकडे आठवड्याच्या वर राहू नका. मोबाइलवरचे व्हिडिओ कनेक्शन समजायला चांगले आहेत, पण त्यातला टर्नचा आकडा उचलून आपल्या मोटरीत भरू नका. स्टॅम्पिंगची उंची वेगळी असली की सगळंच बदलतं.

माझी चूक सापडली ती वर्गातल्या सरांमुळे. बॅच संपून तीन महिने झाले होते, तरी जळकी मोटर पिशवीत घालून गेले. त्यांनी रागावण्याऐवजी मायक्रोमीटर पुढे ठेवला आणि म्हणाले, "मोजा ताई, माझ्यासमोर मोजा." दोन मिनिटांत कळलं. बॅच संपली म्हणून जायची लाज बाळगू नका. असे सर असतात, आणि जुना विद्यार्थी परत आला तर त्यांना बरंच वाटतं.

वय आडवं येत नाही. बारीक तारेला डोळे लागतात, चष्मा आधीच करून घ्या. बोटं पहिल्या महिन्यात सोलतात, मग बसतात. वर्गात मी एकटीच बाई होते, पहिले आठ दिवस कोणी बोलेना. नवव्या दिवशी माझी कॉइल सगळ्यांत एकसारखी आली आणि शेजारच्या दादांनी हात कसा धरता म्हणून विचारलं.

प्रवेश घ्यायचा तर दिवाळीच्या आधीच्या बॅचला घ्या. होळीच्या सुमारास लोक कूलर खाली काढतात आणि मोटरी यायला लागतात. त्याआधी भंगारवाल्याकडून पाच-सहा जळक्या मोटरी किलोने आणा, घरी उघडा, मोजा, भरा, परत उघडा. माझ्या वहीत आज दीडशेच्या वर मोटरींचा डेटा आहे. सक्करदऱ्याला आलात तर वही उघडीच असते, फोटो काढून न्या.