रावेन्नाला जाताय? मग दोन रात्री मुक्काम कराच

इटलीत बोलोन्याला उतरणारे बहुतेक लोक जवळच्या रावेन्नाला नुसते ‘जाऊन येतात’. सकाळची गाडी, चार चर्च, जेवण आणि संध्याकाळी परत. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि इटलीला निघालेल्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते, की व्हेनिसमधली एक रात्र कमी करा, पण रावेन्नाला दोन रात्री द्या. पाचव्या-सहाव्या शतकातलं इतकं मोझेक, म्हणजे काचेचे आणि दगडाचे रंगीत तुकडे बसवून केलेली चित्रं, एका गावात, चालत फिरता येईल एवढ्या अंतरात, दुसरीकडे सापडणं अवघड आहे. १९९६ साली इथल्या आठ वास्तू युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्या एका दिवसात बघून होतात, पण तिसऱ्या वास्तूनंतर डोळे दमतात आणि मग माणूस नुसता मान वर करून फिरत राहतो.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून तारखा ठरल्या की आधी तेच काम उरका. किमान ३० हजार युरोचा प्रवासविमा लागतोच. हॉटेलचं बुकिंग फुकटात रद्द होणारं घ्या. महिना म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास दोन्ही असतात, गाव सखल दलदलीच्या भागात वसलेलं आहे.

ती दलदल इतिहासातही महत्त्वाची आहे. इ. स. ४०२मध्ये सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली, ती दलदलीमुळे गाव राखायला सोपं म्हणून. ४७६मध्ये ते साम्राज्य कोसळलं, ४९३मध्ये गॉथांचा राजा थिओडोरिक आला आणि ५४०मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सैन्याने गाव घेतलं. एवढी तीन राज्यं डोक्यात ठेवलीत, तर कुठली भिंत कोणी सजवली आणि नंतर कोणी बदलली हे आपोआप कळत जातं. हे निघण्यापूर्वी वाचून ठेवा, तिथे उभं राहून फोनवर वाचू नका.

बोलोन्या ते रावेन्ना प्रादेशिक गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आरक्षण नसतं, त्यामुळे महिनाभर आधी तिकीट काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर हातात तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनपासून गावाचा मध्य दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि सगळा रस्ता सपाट. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या सावकाश का होईना, सगळीकडे चालत आल्या.

आता तिकीट, कारण सगळा बेत त्यावर बसवायचा आहे. सान व्हिताले चर्च, होनोरियसची सावत्र बहीण गाल्ला प्लाचिदिया हिची समाधी, सांतापोलिनारे नुओवो चर्च, बिशप निओनचं बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय या पाच ठिकाणांचं एकत्र तिकीट मिळतं. ते रावेन्नाच्या धर्मपीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. एका तिकिटावर प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. समाधी आणि बाप्तिस्मागृह या दोन लहान जागांसाठी वेळ राखून ठेवावी लागते. आधी या दोन वेळा पक्क्या करा, एक पहिल्या दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी, आणि बाकी सगळं त्यांच्या आजूबाजूला बसवा. शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या. बंदरावर मोठी जहाजं लागतात आणि त्यांच्या सहली साधारण दुपारच्या आधी गावात येऊन पोचतात.

गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत गर्दीच्या दिवसांत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. म्हणून रांगेत असतानाच गॉगल काढा आणि सावलीत उभे राहा. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरच्या, म्हणजे उजेड आरपार येणाऱ्या दगडाच्या, पातळ फरश्या आहेत, उजेड मधासारखा येतो आणि डोळे सरावायला वेळ लागतो. उन्हातून थेट आत शिरलात तर तुमच्या पाचातली दोन मिनिटं अंधारातच जातील. आत गेल्यावर आधी वर बघा, गर्द निळ्या छतावर सोन्याच्या शेकडो चांदण्या आहेत. मग मागे वळा. मेंढरांमध्ये बसलेला तरुण, दाढी नसलेला ख्रिस्त दाराच्या वर आहे आणि आत येणाऱ्याची त्याच्याकडे पाठ असते. कित्येक जण तो न बघताच बाहेर पडतात.

एक गोष्ट सामानात नक्की टाका, लहान दुर्बीण. सोनेरी तुकडा म्हणजे काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर पुन्हा काचेचा पातळ थर. हे तुकडे भिंतीत अगदी सपाट बसवलेले नाहीत, किंचित वेगवेगळ्या कोनांत कललेले आहेत. तुम्ही दोन पावलं सरकलात की चमकही सरकते. फोटोत हे येत नाही. दुर्बिणीतून मात्र एकेक तुकडा दिसतो, चेहऱ्यासाठी किती बारीक वापरलेत आणि कपड्यांसाठी किती मोठे, तेही कळतं.

सान व्हितालेला, जे ५४७मध्ये अर्पण झालं, निदान एक तास द्या. वेदीच्या डावीकडे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा. दोघंही रावेन्नात कधी आले नाहीत, त्यांची सत्ता मात्र या भिंतीवर हजर आहे. जस्टिनियनच्या शेजारच्या बिशपच्या डोक्यावर ‘माक्सिमियानुस’ असं नाव ठळक अक्षरात लिहिलंय. इतर कोणाचंच नाव नाही, सम्राटाचंही नाही. थिओडोराच्या झग्याच्या काठाकडे दुर्बीण वळवा, तिथे बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेले दिसतील. तेच तिघं मग सांतापोलिनारे नुओवोमध्ये डाव्या भिंतीवर मोठ्या आकारात भेटतात, म्हणून हा क्रम ठेवा.

सांतापोलिनारे नुओवो हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. तो एरियन पंथाचा होता, म्हणजे ख्रिस्ताला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. सत्ता बदलल्यावर उजव्या भिंतीवरच्या राजवाड्याच्या चित्रातून माणसं काढून टाकली आणि कमानींत पांढरे पडदे भरले. पण खांबांवर नजर फिरवा. मनगटासकट हात तिथे अजून आहेत, पडद्याच्या कडेला एकटेच. माझ्या मते अख्ख्या गावात बघण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे. सत्तेने भिंत कशी पुसली हे दीड हजार वर्षांनंतर उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दान्तेची कबर गावातच आहे, पैसे लागत नाहीत. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी १३२१मध्ये इथे वारला. शेजारच्या सान फ्रांचेस्को चर्चच्या तळघरात पाणी भरलेलं असतं, त्यात मासे फिरतात आणि खाली जुनी मोझेकची फरशी दिसते. दिवा लागायला नाणं टाकावं लागतं, सुट्टे जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशीची दुपार क्लास्सेच्या सांतापोलिनारेसाठी. ५४९मधलं हे चर्च गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे, एक स्टेशन गाडीने किंवा बसने जाता येतं. त्याचं तिकीट वेगळं. अर्धगोल छतभर हिरवं कुरण, झाडं, मेंढरं आणि वर मोठा क्रूस. त्यासमोर बाकावर निवांत बसा. थिओडोरिकची दगडी समाधी स्टेशनच्या पलीकडे आहे, तिचं अख्खं छत एका दगडाचं. ती परतीच्या दिवशी सकाळी करा.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: इथली भाकरीसारखी पियादिना पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी घालून मळतात. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ म्हणजे चरबीशिवाय आहे का, असं विचारा. काही ठिकाणी ऑलिव्ह तेलातली मिळते. तिच्यात स्क्वाक्वेरोने हे मऊ चीज आणि रुकोलाचा पाला घालून घ्या. सूपमधल्या कापेल्लेत्तीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, सारण चीजचं असलं, तरी पाणी मांसाचं असतं, ती टाळा. आणि जेवणाची वेळ सांभाळा. दुपारी अडीचनंतर बरीच खानावळींची स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाहीत, म्हणून क्लास्सेला निघण्यापूर्वीच जेवून घ्या.